चाळण नको, पाया घाला!

कष्टकऱ्याच्या पोरास 'ह्याला अक्कल नाही' म्हणून दारातून परत धाडणे ही युक्ती सर्व मुलखांत सारखीच! अमेरिकेत कामकऱ्यांची पोरे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत जातात. त्यांतील सर्वांत जुने सरकारी कॉलेज जोलिएट येथे १९०१ साली निघाले. दार सर्वांस उघडे. पण आत परीक्षेची चाळण! जो खाली गळला, त्याने फी भरून आधी तयारीचे वर्ग करावयाचे. पदवीच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य. कित्येक पोरे तेथेच थकून घरी बसली. अखेर कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा केला : शाळेतील गुण पाहा, खऱ्या वर्गात बसवा, कच्चे असेल तेथे जोडीने मदत द्या.

बांधवहो, पाया पाहिजे हे आम्हांसही मान्य. पण तो घालावयाचा कोठे? प्राथमिक शाळेत! जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनास हेच बजावले होते. तुम्ही पोरास रोज एक पान वाचून त्याचा मतलब आपल्या शब्दांत सांगावयास लावा. बाजाराचा हिशेब, पाव-पाऊण त्याच्याकडूनच करवा. आणि कोणी अक्कल काढलीच, तर आम्हा मास्तरांस धीटपणे विचारा : तुम्ही शिकविले काय?