सोमवारची पोटदुखी

रविवारी दिवसभर हसतखेळत असलेल्या नातवाचे पोट सोमवारी सकाळी गणवेश चढवताना दुखू लागते. ओवा चावायला दिला जातो, बेंबीभोवती हिंग लावला जातो, संध्याकाळी डॉक्टरही तपासतात. पण दोष काही सापडत नाही. शाळा बुडाली हे पक्के झाल्यावर दुखणे आपोआप ओसरलेले असते. घरात निष्कर्ष निघतो, की हे सारे नाटक आहे.

वाचकहो, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. दुखण्याचे कारण पोटात नसले, तरी दुखणे खरे असते. भीतीच्या प्रसंगी शरीर स्वतःला सावध करते; छाती धडधडते, स्नायू आखडतात, आतड्यांची हालचाल बदलते. भीतीने पोटात गोळा येतो, असे आपली भाषा म्हणते, ते उगीच नव्हे. अशा पोटदुखीची कारणे अनेक असू शकतात, म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. ती स्वच्छ आली, की मग एका कारणाचा विचार अवश्य करावा : शाळेत कोणी या मुलाला छळत तर नाही ना?

चेष्टा कोठे संपते?

मुलांमध्ये थट्टामस्करी चालायचीच, असे आपण म्हणतो आणि ते खोटे नाही. परंतु थट्टा आणि छळ यांत फरक आहे. नॉर्वेमधील बर्गन येथील संशोधक डॅन ओल्व्हेउस यांनी १९७० च्या दशकापासून या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या. तो मुद्दाम केलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. बळ म्हणजे केवळ शरीराचे नव्हे. एका बाजूला चौघे आणि दुसरीकडे एकटा; एकाच्या हाती महागडा मोबाइल आणि दुसऱ्याचे वडील रोजंदारीवर; एक अस्खलित बोलणारा आणि दुसरा अडखळणारा. रंग, जात, बोलीचा हेल, चष्मा, लठ्ठपणा, कशावरूनही नाव पडू शकते. दोन समान मित्रांचे भांडण त्यांचे त्यांना मिटवता येते. छळ मात्र दुबळ्या बाजूने एकट्याने मिटत नाही. तेथे मोठ्या माणसाची गरज लागते.

आपल्यातील अनेकांना आपल्या शाळेतले असे एखादे नाव आजही आठवत असेल, आणि ते आठवताना किंचित टोचतही असेल. १९५८ साली ब्रिटनमध्ये एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो बालकांची पाहणी पुढे अनेक दशके चालू राहिली. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना वारंवार छळ सोसावा लागला होता, त्यांच्यापैकी अनेकांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. याचा अर्थ छळ झालेले प्रत्येक मूल आयुष्यभर दुःखी राहते असा नाही. पण ‘लहानपणीचे काय मनावर घ्यायचे’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी आपण थांबावे, एवढे त्यातून नक्की कळते.

खुणा ओळखाव्यात

छळ सोसणारे मूल बहुधा स्वतःहून सांगत नाही. त्याला लाज वाटते. सांगितले तर त्रास वाढेल, अशी भीती वाटते. आईबाबा कामावरून दमून आलेले असतात, त्यांना आणखी ताप नको, असेही वाटते. दुपारी मूल घरी येते तेव्हा दार उघडणारे हात पुष्कळदा आजीचे किंवा आजोबांचे असतात. म्हणून या खुणा सर्वप्रथम आपल्याच नजरेस पडण्याचा संभव असतो.

डबा न खाता परत येतो, किंवा मूल घरी आल्या आल्या अधाशासारखे जेवते, कारण डबा दुसऱ्याच कोणी संपवलेला असतो. वही फाटते, पेन्सिली, कंपास हरवत राहतात. शाळेच्या स्वच्छतागृहात त्रास होत असेल, तर मूल दिवसभर लघवी रोखून धरते आणि घरी आले की आधी न्हाणीघराकडे धावते. रात्री दचकून उठते. अंथरूण ओले करणे कधीच सुटलेले असताना पुन्हा सुरू होते. व्हॅन नको, आजोबा तुम्हीच सोडायला चला, असा हट्ट होतो. मोबाइलवर संदेश आला की चेहरा उतरतो. यांतील एखादी खूण एकटी फारसे सांगत नाही. पण दोन-तीन खुणा एकत्र आणि काही आठवडे दिसल्या, तर त्या गांभीर्याने घ्याव्यात.

कसे विचारावे, काय टाळावे

समोर बसवून ‘तुला कोणी त्रास देतं का?’ असे विचारले, तर बहुतेक मुले मान हलवून नाही म्हणतात. त्यापेक्षा शेजारी बसून, मटार सोलताना किंवा देवळाकडे चालताना, लहान प्रश्न विचारावेत. ‘आज डबा कोणाबरोबर खाल्लास?’ ‘व्हॅनमध्ये तुझ्या शेजारी कोण बसतं?’ ‘मधल्या सुट्टीत सगळ्यात कंटाळवाणं काय असतं?’ उत्तर अर्धवट आले तरी चालेल. आपल्याकडे वेळ आहे, हे मुलाला समजले की उरलेले उत्तर दोन दिवसांनी आपण होऊन येते.

मूल बोलू लागले की तीन वाक्ये कटाक्षाने टाळावीत. ‘तूच काहीतरी केलं असशील’, या वाक्याने दार कायमचे बंद होते. ‘तूही एक ठेवून दे’, हा सल्ला ज्याच्या अंगात तेवढे बळ नाही त्याला आणखी अपमानित करतो. आणि त्याने खरोखरच हात उचलला, तर शिक्षा त्यालाच होते. ‘लक्ष देऊ नकोस’, हे तर त्याने आम्हांला सांगण्यापूर्वी कित्येक दिवस करून पाहिलेले असते. त्याऐवजी एवढेच म्हणावे : ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. आता आपण मिळून बघू.’ ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. कोणाला आणि काय सांगायचे, हे त्याच्याशी बोलून ठरवावे.

पुढचे पाऊल आईवडिलांबरोबर टाकावे. काय घडले, कधी, कोठे, कोणासमोर, हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. मोबाइलवरचे संदेश पुसून टाकू नयेत. शाळेच्या फाटकापाशी दुसऱ्या मुलाला किंवा त्याच्या पालकांना गाठून जाब विचारणे टाळावे; त्याची किंमत दुसऱ्या दिवशी आपल्याच मुलाला मोजावी लागते. प्रथम वर्गशिक्षकांना भेटावे, फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. महाराष्ट्रातील शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री समिती’ स्थापन करावी, असा शासन निर्णय २०२२ मध्ये झाला आहे. आपल्या शाळेत ती कार्यरत आहे का, याची चौकशी करावी. अपमान करणारी व्यक्ती शिक्षकच असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ लक्षात ठेवावे. मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, या दोन्हींस ते मनाई करते.

मूल जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा अगदी गप्प झाले, तर वाट पाहू नये. त्याला एकटे न ठेवता त्वरित डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ या निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत.

बघ्यांचे बळ

आपले नातवंड छळ सोसणाऱ्यांत नसेल आणि छळणाऱ्यांतही नसेल. तरीही ते या गोष्टीबाहेर नाही. कॅनडातील संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर अशा प्रसंगांचे चित्रण करून निरीक्षण केले, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुले आसपास हजर होती. मध्ये पडणारी मुले थोडी होती. पण जेव्हा कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिव्हाली यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘किव्हा’ हा शालेय कार्यक्रम याच जाणिवेवर उभा आहे. छळणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. हसणारे कमी झाले की त्याचा जोरही कमी होतो.

म्हणून नातवंडाला शूर होऊन भांडायला सांगण्याची आवश्यकता नाही. एकट्या पडलेल्या मुलाजवळ जाऊन ‘ये, आमच्यात डबा खायला बस’ एवढे म्हणता आले, तरी खूप झाले. टोपणनावाला न हसणे, तसा संदेश पुढे न पाठवणे आणि बाईंना जाऊन सांगणे, हेही त्याला जमण्यासारखे आहे. सांगणे म्हणजे चुगली नव्हे, हा भेद त्याला आधी पटवून द्यावा. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चुगली. कोणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणे ही मदत.

आणि छळणारे मूल आपलेच निघाले तर? ‘आमचा असा नाही’ म्हणून शाळेला दोष देणे सोपे असते. त्यात त्याचेच नुकसान होते. मारझोडही करू नये. बळ असलेल्याने दुबळ्याला मारावे, हाच धडा त्यातून पक्का होतो. ‘तू वाईट आहेस’ असे न म्हणता ‘तू केलंस ते वाईट आहे, आणि ते तू भरून काढायचं आहेस’ असे शांतपणे सांगावे. फाडलेली वही त्याने स्वतः लिहून द्यावी. आणि त्याच्यावर असे जोर करणारे घरात किंवा बाहेर कोणी आहे का, याचाही शोध घ्यावा.

सहृदयतेची पहिली शाळा

दया शिकवता येते का, असा प्रश्न विचारला जातो. टोरांटो येथे मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये एक उपक्रम सुरू केला. एक तान्हे बाळ आपल्या पालकांसह वर्षभर ठरावीक दिवशी वर्गात येते. मुले त्याच्याभोवती बसतात आणि ते का रडत असेल, त्याला काय हवे असेल, याचा अंदाज बांधतात. ज्याला बोलता येत नाही त्याचे मन ओळखण्याचा हा सराव आहे.

आपल्या घरांत हा सराव रोज घडू शकतो. आजोबांना ऐकू कमी येते. आजीचा हात कापतो, चहा बशीत सांडतो. कोणी अंथरुणाला खिळलेले असते. अशा वेळी घरातली मोठी माणसे काय करतात, हे मूल टक लावून पाहत असते. ‘किती वेळा सांगायचं, बहिरे आहात का?’ असे कोणी ओरडले, तर दुबळेपणाला हसायचे असते, हे मूल शिकते. त्याच जागी कोणी जवळ येऊन, सावकाश, तेच वाक्य पुन्हा म्हटले, तर मूल तेही शिकते. शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनो, तुम्ही सांडलेला चहा एक शब्दही न बोलता पुसता, तेव्हा समोर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या वर्गातला कोणी अडखळत वाचणारा मुलगा उद्या थोडा सुरक्षित होत असतो. दमल्यामुळे आवाज चढलाच, तर नंतर मुलासमोरच माफी मागावी. तोही संस्कारच आहे.

आणि ज्येष्ठ वाचकहो, नातवंडाने आपल्या चालण्याची नक्कल केली, तर ती हसण्यावारी नेऊ नका, रागावूही नका. ‘माझे गुडघे दुखतात, म्हणून मी अशी चालते. तू हसलास की मला वाईट वाटतं,’ असे सरळ सांगा. बहुतेक मुले यावर गप्प होतात, आणि थोड्या वेळाने हात धरायला येतात. कामाला येणाऱ्या मावशी, भाजीवाले, शेजारचा अडखळत बोलणारा मुलगा यांच्याविषयी घरात कोणत्या शब्दांत बोलले जाते, तिकडेही लक्ष ठेवा. मुले शाळेत जी नावे ठेवतात, त्यांतील काही त्यांनी जेवणाच्या ताटावर ऐकलेली असतात.