मनगटावरचा नकाशा

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि घराघरांत यात्रांचे बेत सुरू होतात. अलीकडे या बेतांत गडकिल्ल्यांचीही भर पडली आहे. तरुणांना डोंगर हवा असतो आणि डोंगरावर जाताना मनगटावर नकाशा दाखवणारे जीपीएस घड्याळही हवे असते. गेल्या दिवाळीत आमच्या घरी असे एक घड्याळ आले. घड्याळाची चौकशी आम्ही महिनाभर केली. त्यात घालायच्या नकाशाची मात्र क्षणभरही केली नाही. त्या चुकीची किंमत कोणाला मोजावी लागली, ते सांगतो.

पौषातल्या एका रविवारी आम्ही नऊ जण मनमाडजवळच्या अनकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांवर गेलो. टंकाईच्या कुशीतली जैन लेणी पाहिली, मधल्या खिंडीतून टंकाईच्या माथ्यावर गेलो आणि तिथे मुले रमली. काकूंचा चौविहार. सूर्यास्त सहाच्या सुमारास होता. त्याआधी खाली उतरून डबे उघडायचे, असे ठरले होते. डबे आणि काकूंचे उकळलेले पाणी खाली गाडीत होते. उशीर होतो आहे हे पाहून पुतण्याने घड्याळ उघडले. माथ्यावरून थेट गावात उतरणारी एक तुटक रेषा पडद्यावर होती. गावही समोर, खाली दिसत होते. आम्ही रेषेच्या मागे निघालो. दहा मिनिटांनी रेषा पुढे गेली आणि जमीन संपली. पायांशी उभा कडा होता. खालच्या उतारावर शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी हात हलवून, ओरडून आम्हांला मागे फिरवले. आल्या वाटेने खिंड गाठून खाली पोहोचलो, तेव्हा दिवस मावळला होता. काकूंनी पाण्याचा घोटही न घेता पच्चक्खाण केले. त्या कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ती रात्र पुतण्याला व मला फार जड गेली.

त्यानंतर आम्ही दोघे नकाशांच्या अभ्यासाला बसलो. डोंगराचा नकाशा वाचायचा तो समोच्च रेषांवरून. समान उंचीची ठिकाणे जोडणारी ही रेषा. रेषा विरळ असतील तर चढ सौम्य, दाट असतील तर तीव्र, आणि एकमेकींना चिकटल्या असतील तर कडा. दोन लगतच्या रेषांमध्ये उंचीचा किती फरक धरला आहे, यावर नकाशाचा बारकावा ठरतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांवर हा फरक साधारणतः २० मीटर असतो. अशा नकाशावर १५ मीटरांचा कडा दोन रेषांच्या मधे अख्खा लपू शकतो. माणसाचा घात व्हायला १५ मीटर पुष्कळ झाले.

मग १० मीटरांच्या रेषांचा नकाशा घ्यावा, असे कोणालाही वाटेल. खरी मेख इथेच आहे. घड्याळांसाठी मिळणाऱ्या अनेक नकाशांतल्या रेषा कोणी डोंगरावर जाऊन मोजलेल्या नसतात. त्या उपग्रह किंवा अवकाशयानाच्या मोजणीवरून संगणकाने काढलेल्या असतात. अशा मोजण्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने केली. तिच्यात जमिनीचे सुमारे ३० मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच उंची दिलेली आहे, आणि त्या उंचीत १६ मीटरांपर्यंतची चूक गृहीत धरलेली आहे. सह्याद्रीचा कातळकडा एका चौकोनाच्या आतच सरळ खाली कोसळतो. नकाशावर मात्र तो घसरणीचा उतार होऊन उतरतो. या मोजणीवरून १० काय, ५ मीटरांच्या रेषाही संगणक काढून देईल, पण ज्ञान तेवढेच राहील. आपल्या धंद्यातला दाखला द्यायचा तर, धान्याची पोती तोलणाऱ्या काट्याला ग्रॅमचे आकडे बसवले म्हणून त्यावर कोणी सोने तोलत नाही. म्हणून नकाशा घेताना पहिला प्रश्न रेषा किती दाट आहेत हा नसावा. त्या कोणत्या मोजणीवरून काढल्या आहेत, हा असावा.

दुसरा प्रश्न वाटांचा. घड्याळांतल्या पुष्कळ नकाशांचा पाया ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा असतो. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक विनामूल्य तयार करतात. हे काम मोठे आहे आणि अनेक गडांच्या वाटा त्यातच सर्वांत चांगल्या सापडतात. परंतु एखादी वाट स्वतः चालून नोंदलेली असते, तर एखादी आकाशातून घेतलेल्या छायाचित्रावरून घरी बसून रेखलेली असते. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हा नकाशात कड्यांसाठी वेगळी खूण आहे का, हे पाहावे. आणि वाटेची रेषा दाट समोच्च रेषांना सरळ छेदत खाली जात असेल, तर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय तिच्यावर पाऊल ठेवू नये.

तिसरी गोष्ट पडद्याची. घड्याळाचा पडदा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरांचा. १:२५,००० प्रमाणाला त्यावर पाऊण-एक किलोमीटरच मुलूख मावतो. सह्याद्रीच्या चढावर १० मीटरांच्या रेषा घातल्या, तर एवढ्याशा जागेत नुसती काजळी दिसते. आम्हांला २० मीटरांच्या रेषा आणि दर १०० मीटरांवर एक ठळक रेषा, अशी मांडणी सोयीची वाटली. संपूर्ण देशाचा नकाशा भरून घड्याळाची जागा अडवण्यापेक्षा जायचा तेवढाच प्रदेश घ्यावा. काही स्वस्त घड्याळांत नकाशा नसतोच. कोऱ्या पडद्यावर फक्त वाटेची रेषा उमटते. ती रेषा विश्वासाची असेल तर तेवढ्याने काम भागते, मात्र वाट चुकल्यावर आजूबाजूला काय आहे, हे असे घड्याळ सांगू शकत नाही. शिवाय कड्याच्या पोटाशी अर्धे आकाश झाकले जाते, संकेत कातळावर आदळून येतात आणि घड्याळ आपली जागाच काही मीटर इकडेतिकडे दाखवते. अरुंद वाटेवर तेवढी चूकही मोठी असते.

नकाशा पारखायचा कसा? आपण वानगी पाहिल्याशिवाय माल घेत नाही. नकाशाचीही वानगी घ्यावी. आपण स्वतः चढलेला एखादा डोंगर त्यात उघडावा. तिथला कडा दिसतो का, पाण्याचे टाके आहे का, पायऱ्यांची वाट जागेवर आहे का, हे ताडून पाहावे. ओळखीच्या डोंगरावर जो नकाशा चुकतो, त्याच्यावर अनोळखी डोंगरात विसंबू नये. जोडीला सर्वेक्षण विभागाच्या पत्रकाची कागदी प्रत पिशवीत असावी. ही पत्रके विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यावर विनामूल्य मिळतात. कागदाला चार्जिंग लागत नाही, आणि सगळा डोंगर एका नजरेत दिसतो.

आपल्याकडे श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेला किती जायचे, याची मर्यादा निघण्यापूर्वीच बांधून घेणे. व्रताचा अर्थ याहून खोल आहे, पण डोंगरावर निघणाऱ्यानेही कुठपर्यंत जायचे आणि किती वाजता फिरायचे, हे घरीच ठरवावे. त्या दिवशी आम्ही ते ठरवले असते, तर जवळची वाट शोधण्याची वेळच आली नसती. आणि ईर्यासमिती पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायला सांगते. तिचा हेतू जीवरक्षेचा आहे, आणि त्या जीवांत आपणही आलो. पडद्यावर डोळे खिळवून चालणाऱ्याला मुंगीही दिसत नाही आणि कडाही दिसत नाही. नकाशा थांबून पाहावा आणि चालताना जमीन पाहावी.

या पौषात आम्ही पुन्हा टंकाईला जाणार आहोत. नकाशा बदलला आहे, कागदी प्रत काढली आहे आणि तीन वाजता माथा सोडायचा, असे ठरले आहे. काकूही येणार आहेत. या वेळी त्यांचे पाणी पुतण्याच्या पाठीवर असेल.