जुन्या जीपच्या गिअरबॉक्सला ऑइल कोणतं? आधी डबा वाचा

आज पिकाचं नाही, जीपचं लिहितोय. आमच्या अकोले तालुक्यात घाटाच्या अंगाला अजून बऱ्याच घरी जुनी फोर बाय फोर जीप आहे. आवणीच्या दिवसात चिखलातून रोपं, माणसं, खताच्या गोण्या तीच वाहते. माझीसुद्धा तीस वर्षांच्या पुढची आहे.

दोन वर्षांपूर्वी दुसरा गिअर टाकताना कर्रर्र आवाज यायला लागला. मिस्त्री म्हणला, "दादा, ऑइल पातळ झालंय. जाड टाकू, एकशेचाळीस नंबर. आवाज बंद." दुकानदारानं वर सांगितलं, जीएल-५ घ्या, चारपेक्षा भारी असतंय. मी पण मान हलवली. दहावी पास माणूस, पण डब्यावरचं वाचलं नाही. आवाज थोडा दबला खरा. पण थंडीत सकाळी गिअर पडंना, आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला. पितळी सिंक्रो रिंगा झिजून गेलेल्या. त्या आधीच झिजत आल्या होत्या हे कबूल करतो, सगळं खापर ऑइलवर फोडत नाही. पण खर्च साडेबारा हजार, आणि ऐन आवणीत जीप नऊ दिवस उभी.

माझं म्हणणं असं आहे की जीएल-४ आणि जीएल-५ ही पहिली-दुसरीसारखी इयत्ता नाही. खताच्या गोणीवर १०:२६:२६ दिसलं म्हणून "आकडा मोठा, सगळ्या पिकाला हेच" असं आपण करतो का? इथं मात्र करतो.

मागच्या हौजिंगमधे क्राऊन-पिनियन असतं. तिथं पिनियन क्राऊनच्या मध्यावर नाही, खालच्या अंगाला बसवलेलं असतं. त्यामुळं दाते एकमेकांवर नुसते दाबत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली साधं ऑइल टिकत नाही, म्हणून गंधक-फॉस्फरसवाली औषधं जास्त घातलेलं जीएल-५ लागतं. जीएल-४ मधे ती साधारण निम्मी असतात. गिअरबॉक्समधे काम उलटं आहे. गिअर पडायच्या आधी पितळी रिंगेनं गिअरच्या कोनाला घट्ट धरून दोघांचा वेग एक करायचा असतो. ऑइल फार निसरडं असलं की रिंग धरतच नाही, दात दातावर आपटतात, तोच कर्रर्र. शिवाय गरम झाल्यावर काही जीएल-५ मधलं गंधक पितळ-तांब्याला खातं. हल्ली पितळाला चालणारी जीएल-५ ऑइलं मिळतात, पण तसं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

जाडीचा आकडा वेगळाच विषय. ८०डब्ल्यू-९० म्हणजे थंडीत ८० सारखं वाहणारं, गरम झाल्यावर ९० सारखं टिकणारं. गिअर ऑइलचं ९० आणि इंजिन ऑइलचं ४०-५० हे जाडीला जवळपास सारखंच आहे, मोजपट्टी तेवढी वेगळी. त्यामुळं "नव्वद म्हणजे लई जाड" हेही खरं नाही. एकशेचाळीस टाकून आवाज दाबणं म्हणजे ताप आलेल्या माणसावर गोधडी टाकणं. बेअरिंग गेलंय का ते बघायचं सोडून आपण खुश होतो.

आणखी एक खोड, माझी स्वतःची सुद्धा होती. गोठ्यात ट्रॅक्टरचा ऑइलचा ड्रम असतो, तोच जीपला ओतायचा. तेलातले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरचं ऑइल ब्रेक आणि हायड्रॉलिक दोन्ही सांभाळून बनवलेलं असतं. जीपच्या पुस्तकात ते सांगितलेलं नसेल तर ओतू नका. पुस्तक नसेल तर त्याच मॉडेलच्या जुन्या मालकाकडून त्या पानाचा फोटो मागवा. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं हौजिंग, चारही ठिकाणचं वेगवेगळं बघा. मिस्त्री बहुतेक वेळा ट्रान्सफर केस आणि पुढचं हौजिंग विसरतोच.

बदलताना गाडी थोडी फिरवून गरम करा, सपाट जागी लावा. आणि आधी वरचा भरायचा नट उघडा, मग खालचा. खालून सगळं सोडून दिलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला तर ऑइल भरणार कुठून? आमच्या शेजारच्या पाहुण्यांची अशीच फजिती झालेली, जीप दोरीनं ओढत नेली. ऑइल भरायच्या भोकाच्या काठाला लागलं की बास.

निघालेलं ऑइल बोटावर घेऊन बघा. खालच्या नटाला चुंबक असेल तर त्यावर बारीक राखाडी चिखल चालतो, लोखंडाचे तुकडे चालत नाहीत. ऑइलमधे सोनेरी चमक म्हणजे पितळ झिजतंय. दुधी रंग म्हणजे पाणी गेलंय. आपल्याकडं ओढ्यातून गाडी घालतात, तापलेलं हौजिंग एकदम गार होतं आणि सील किंवा हवेच्या नळीतून पाणी आत ओढतं. असं झालं तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला. काढलेलं ऑइल बांधावर नाही, कॅनमधे.

मी आता गिअरबॉक्सला जीएल-४ चं ८०डब्ल्यू-९० आणि दोन्ही हौजिंगला जीएल-५ वापरतो. दोन डबे घ्यावे लागतात, दुकानदार कुरकुरतो. परवा बदललं तेव्हा चुंबकावर नुसता राखाडी चिखल होता, सोनेरी काही दिसलं नाही. उद्या पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावला जायचंय.