कोणता पक्षी, कोणतं झाड?

आमच्या अंकासाठी आलेल्या एका कथेत नायिका खिडकीत बसलेली असते आणि समोरच्या झाडावर ‘एक पक्षी’ येऊन बसतो. पुढे कथा चांगली आहे, पण माझी पेन्सिल तिथेच अडली. कोणता पक्षी? कोणतं झाड? समासात दोन प्रश्नचिन्हं काढली आणि कथा लेखिकेकडे परत धाडली. हा 2025 च्या जूनमधला प्रकार. त्याच महिन्याच्या 18 तारखेला सोलापुरात वनाधिकारी आणि निसर्गलेखक मारुती चितमपल्ली गेले, तेव्हा ध्यानात आलं की ती दोन प्रश्नचिन्हं माझी नव्हतीच. त्यांची पुस्तकं वाचत वाढलेल्या आमच्या पिढीला ती खोड त्यांनीच लावली.

पद्मश्री त्यांना त्याच वर्षी मिळाली, वयाच्या 93 व्या वर्षात. तिला उशीर झाला असं म्हणणारे पुष्कळ भेटले. मला वाटतं, ज्याचं उभं आयुष्य मचाणावर आणि पाणवठ्यांच्या काठी वाट पाहण्यात गेलं, त्याला त्या उशिराचं फारसं काही वाटलं नसेल.

जन्म 5 नोव्हेंबर 1932, गाव सोलापूर. गिरण्यांचं, हातमागांचं, आणि भोवताली झाडापेक्षा गवतच जास्त असलेल्या माळांचं. तेलुगू वळणाचं आडनाव घेऊन आलेला हा मुलगा आईच्या आणि मामाच्या मागे रानवाटा तुडवत वाढला, कोइम्बतूरला वनशास्त्र शिकला आणि वनखात्यात लागला. पुढे कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा जागा त्यांच्या नावाला चिकटल्या आणि 1990 मध्ये ते उपमुख्य वनसंरक्षक म्हणून निवृत्त झाले. कारकिर्दीचा हिशेब एवढाच.

या हिशेबात एक गोष्ट मात्र झाकली जाते. ते नोकरीला लागले तेव्हा वनखात्याच्या लेखी जंगल म्हणजे प्रामुख्याने इमारती लाकूड. तोडीचे कूप आखायचे, झाडांवर खुणा करायच्या, लिलाव पुकारायचे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला 1972 मध्ये, व्याघ्र प्रकल्प त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे सागाचे घनफूट मोजणाऱ्या खात्यात राहून हा माणूस बगळ्यांची घरटी मोजत होता. सहकाऱ्यांना तो थोडा विक्षिप्तच वाटला असणार.

नवेगावबांधाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. सात बहिणी नावाच्या टेकड्यांनी वेढलेला तो विस्तीर्ण जलाशय निसर्गाने आयता दिलेला नाही. तळी बांधण्यात वाकबगार असलेल्या कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं सांगितलं जातं. म्हणजे शेतीसाठी माणसांनी पाणी अडवलं आणि त्यावर थंडीत दूरदेशीची बदकं उतरू लागली. अशा जागी राहिलेल्या माणसाला ‘माणूस विरुद्ध जंगल’ ही शहरी मांडणी पटणं अवघडच. चितमपल्लींच्या लेखनात जंगल कधीच निर्मनुष्य नसतं. त्यात मोहफुलं वेचणाऱ्या बाया असतात, माग काढणारे गोंड असतात, मासे धरणारे ढिवर असतात, माधवराव पाटील डोंगरवारांसारखे रानाची नस जाणणारे गावकरी असतात. साहेब वहीत लिहून घेतो आणि अंगावर खाकी कपडे नसलेला माणूस सांगतो, अशी ती शाळा. मराठी निसर्गलेखनात इतकी मोकळी कबुली त्याआधी फारशी नव्हती.

त्यांनी मराठीला अमुक लाख शब्द दिले, असं भाषणांतून ठोकलं जातं. त्या मोजणीत मला रस नाही. दोनच शब्द घेतो. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी ‘काकागार’ म्हटलं आणि बगळे-करकोचे एकत्र वीण घालतात त्या जागेला ‘सारंगागार’. इंग्रजी शब्दाला नुसता देवनागरी सदरा घालून ते थांबले नाहीत. संस्कृताचा अभ्यास कामी आला. त्याच अभ्यासातून तेराव्या शतकातल्या हंसदेवाचं ‘मृगपक्षिशास्त्र’ मराठीत आलं. एका हाताला हंसदेव आणि दुसऱ्या हाताला निरक्षर माग्या, अशा दोन गुरूंकडून एकाच वेळी शिकायला नम्रता लागते. आणि पहिल्याच पुस्तकांपैकी एकाचं नाव, ‘पक्षी जाय दिगंतरा’, उचललं ते जनाबाईच्या अभंगातून.

एक अडचणीची गोष्टही बोलली पाहिजे. त्यांच्या लेखनात डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांच्यामधला बांध कित्येकदा फुटतो. पशुपक्ष्यांची भाषा शिकवते असं सांगितलं जाणाऱ्या निळावंतीच्या पोथीसारख्या विषयांकडे त्यांचा ओढा होता, आणि शास्त्र शिकलेले आमचे पक्षिमित्र तिथे कपाळाला हात लावतात. त्यांचं चूक नाही. एखाद्या प्राण्याच्या सवयीबद्दल चितमपल्लींचं वाक्य पुरावा म्हणून वापरण्याआधी मीही दोनदा पडताळून पाहीन. पण गावकऱ्याला घुबडाची भीती का वाटते, हे ज्याला ऐकूनच घ्यायचं नाही, तो त्या गावात घुबड कसं वाचवणार? चितमपल्ली ऐकत बसायचे. निवडून-पाखडून घेण्याचं काम त्यांनी आपल्यावर सोडलं, आणि ते आपण पुरतं केलेलं नाही.

2006 मध्ये साहित्य संमेलन त्यांच्याच सोलापुरात भरलं आणि अध्यक्षपदी ते होते. आयुष्याचा मोठा काळ नागपूर-विदर्भात रमलेला हा माणूस उतारवयात पुन्हा सोलापूरलाच परतला आणि शेवटपर्यंत कोशांच्या कामात गुंतून राहिला. आता त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचा 12 नोव्हेंबर यांच्यामधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. दिवाळीच्या आगेमागे हा सप्ताह येतो. सलीम अलींनी इंग्रजीत पक्षी ओळखायला शिकवलं, चितमपल्लींनी त्याच पक्ष्यांना मराठीत हाक मारायला.

त्या कथेचं सांगायचं राहिलं. लेखिकेचं उत्तर आठ दिवसांनी आलं. तिला पक्षी आठवत होता, नाव ठाऊक नव्हतं. झाडाचंही नव्हतं. म्हणून तिने शेजारच्या आजींना विचारलं. त्यांनी उलट तिलाच विचारलं, ‘‘टुक टुक करतो का गं? भांडं ठोकल्यासारखा?’’ मग दोघी मिळून खाली उतरल्या आणि झाडाशी जाऊन उभ्या राहिल्या. झाड उंबराचं निघालं. पक्षी तांबट. कथेत आता त्या आजीही आल्या आहेत, त्यामुळे ती दोन पानांनी वाढली, आणि आम्ही एक जाहिरात मागे ढकलून तिला जागा केली आहे.