बारावीनंतर सौंसरलाच राहिलं तर?

एप्रिल-मेमध्ये बारावीचे निकाल लागले की पांढुर्णा-सौंसरकडून मला फोन सुरू होतात. नात्यात एक जण सॉफ्टवेअरमध्ये असला की तो आपोआप सगळ्या मुलांचा सल्लागार होतो. प्रश्न ठरलेला असतो : नागपूरला टाकायचं की पुण्याला? गावातल्या शासकीय कॉलेजचं नाव निघालंच तर ‘काहीच नाही जमलं तर आहेच’ अशा सुरात.

अमेरिकेत ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी कम्युनिटी कॉलेज हा शब्द ऐकला असेल. घराजवळच्या कॉलेजात कमी फीमध्ये दोन वर्षं शिकायचं आणि मग मोठ्या विद्यापीठात जायचं. इलिनॉयमधल्या जोलिएटला असं कॉलेज १९०१ मध्येच निघालं. आपल्याकडे पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये या नावाचं कॉलेज काढलं, पुढे यूजीसीनेही योजना आणली. पण आपल्या घरांपर्यंत ते नाव काही पोहोचलं नाही. तरी घराजवळ सुरुवात करून पुढे जाण्याची वाट आपल्याकडेही आहे, आणि ती सौंसर-पांढुर्ण्याच्या शासकीय कॉलेजातून जाते.

मागच्या वर्षी मामांचा फोन आला. त्यांची सौंसरजवळ संत्र्याची बाग आहे. मामेबहिणीला एमपी बोर्डात ७४ टक्के होते, पण जेईईचा नंबर खूप मागे होता. नागपूरच्या एका खासगी कॉलेजात जागा मिळत होती. चार वर्षांची फी, खोली, मेस असा सगळा हिशेब करून मामा म्हणाले, “आंबिया बहार आताच व्यापाऱ्याला देऊन टाकतो, उरलेलं कर्ज काढतो. पोरगी हुशार आहे, तिला गावात काहून कुजवू?”

झाडावर फळ लिंबाएवढं असताना बाग विकली तर भाव कोण ठरवतो, हे बागाईतदारांच्या घरात सांगायला नको. मामांची कळकळ खरी होती. पण त्या खर्चातून काय मिळणार होतं, ते आम्ही नीट मांडून पाहिलं.

१९५६ पर्यंत नागपूर ही आपलीच राजधानी होती. राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ तिकडे गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, तरी आपली सोयरीक, दवाखाना, लग्नाची खरेदी अजून नागपूरलाच. प्रवेशाच्या वेळी मात्र आपण बाहेरच्या राज्याचे उमेदवार ठरतो. आपलं ओबीसीचं प्रमाणपत्र महाराष्ट्राच्या कोट्यात चालत नाही, तिथल्या राज्य शिष्यवृत्त्या मिळत नाहीत. कर्नाटक सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने प्रवेशात वेगळी सोय ठेवली आहे. आपला भाग वादात नाही, म्हणून आपल्याला ती नाही. (भांडलो नाही याचं हे बक्षीस!)

इकडे मात्र मध्य प्रदेशाची मेधावी विद्यार्थी योजना आहे. २०१७ पासून एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलांची फी सरकार भरतं. घरच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि इंजिनीअरिंगसाठी जेईईचा नंबर दीड लाखाच्या आत लागतो. म्हणजे बहिणीला इंजिनीअरिंगसाठी ही मदत मिळणार नव्हती, शासकीय कॉलेजच्या बीएस्सीला मिळणार होती. शिवाय खेड्यातल्या, ६० टक्क्यांच्या वरच्या मुलींना ‘गाव की बेटी’ योजनेतून महिन्याला ५०० रुपये, दहा महिने मिळतात. तेवढ्यात बसचा खर्च तरी सुटतो.

“पण दादा, सौंसरच्या बीएस्सीला पुण्यात कोणी विचारंल का?” बहिणीचा प्रश्न.

नुसत्या बीएस्सीला कमीच विचारतील, हे मी तिला सरळ सांगितलं. बीएस्सीवर थांबायचंच नाही. गणित आणि कॉम्प्युटर घेऊन तीन वर्षं, मग एमसीए. एमसीए २०२० पासून दोन वर्षांचं झालं आहे. निमसेट ही परीक्षा दिली तर भोपाळचं मॅनिट किंवा रायपूरचं एनआयटी मिळू शकतं. त्यासाठी पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र हवं आणि खुल्या वर्गाला ६० टक्के हवेत. त्यामुळे पहिल्या वर्षी ‘सोपे’ म्हणून भलतेच विषय घेतले की ही वाट तिथेच बंद होते. बीएस्सीनंतर बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही सोय आहे, बारावीला गणित असेल तर. एकूण पाच वर्षं लागतात, बीईपेक्षा एक जास्त. काही कंपन्या पहिल्या नोकरीसाठी बीईच मागतात, हेही खरं. पण एमसीए झालेली माणसं माझ्या टीममध्ये आहेत, आणि कोड तपासताना त्यांचं पहिलं कॉलेज कोणतं हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

दहावीनंतरच ज्यांना यंत्रांकडे ओढा आहे त्यांनी परासियाजवळच्या खिरसाडोहचं शासकीय पॉलिटेक्निक पाहावं. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग बीईचं दुसरं वर्ष.

नव्या शिक्षण धोरणात, मध्य प्रदेशात २०२१ पासून, एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी मिळते. एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल असं मला वाटत नाही. पण आपल्याकडे लग्न ठरलं म्हणून, आई आजारी पडली म्हणून मुलींचं शिक्षण मध्येच सुटतं. तिथे झालेली वर्षं कागदावर जमा राहणं मोलाचं आहे.

आता दुसरी बाजू. अशा कॉलेजांत बराच भार अतिथी विद्वानांवर असतो, लॅब तोकडी असते, आणि नाव नोंदवून परीक्षेलाच उगवणारी मुलंही असतात. कॅम्पसमध्ये कंपन्या येतील या भरवशावर राहूच नये. त्यातून भाषेची गंमत : घरात मराठी, शाळेत हिंदी आणि प्रोग्रॅमिंगची पुस्तकं इंग्रजीत. बहीण आता पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजातून आल्यावर स्वयम आणि एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची फुकट व्याख्यानं ऐकते, आधी अर्ध्या वेगाने, मग पुन्हा पूर्ण वेगाने. रविवारी मला तिने लिहिलेला प्रोग्रॅम पाठवते. पहिले दोन चाललेच नाहीत. तिसरा चालला, तो बागेतल्या पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब करणारा होता.

ज्यांना जबलपूर किंवा इंदूरचं शासकीय इंजिनीअरिंग मिळतंय, त्यांनी मात्र बिनधास्त बॅग भरावी. तिथे मेधावी योजनाही लागते.

बाकीच्यांसाठी एवढंच : प्रवेश ई-प्रवेश पोर्टलवरून होतात आणि पहिली फेरी निकालानंतर लवकरच सुरू होते. समग्र आयडी, मूळ निवासी, उत्पन्न आणि जातीचं प्रमाणपत्र निकालाआधीच काढून ठेवा. समग्र आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच पाहा.