बालवाडीतला आडोसा किती उंच असावा?

जून जवळ आला की सोसायट्यांच्या तळमजल्यावर, दुकानाच्या गाळ्यात, बंगल्याच्या पार्किंगमध्ये नव्या प्लेग्रुपच्या पाट्या दिसू लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांचे वय शालेय रचनेत आणले, तेव्हापासून या वयाच्या शिक्षणाची चर्चा वाढली आहे. चर्चा होते ती अभ्यासक्रमाची आणि फीची. मुले ज्या खोलीत दिवसाचे तीन-चार तास घालवतात, त्या खोलीकडे फारसे कुणी पाहत नाही. जागा महाग, म्हणून एका हॉलचे दोन किंवा तीन वर्ग केले जातात. मध्ये उभे राहते पार्टिशन. कुठे प्लायवूडचे, कुठे कपाटांची रांग, कुठे दोरीवर टाकलेली साडी, तर कुठे निवडणुकीनंतर उरलेला फ्लेक्स.

त्यावर कोणते चित्र काढायचे हे मालक ठरवतात. ते मुलाच्या अंगावर पडेल का, हा प्रश्न सहसा राहून जातो.

तीन वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १४ किलो आणि उंची ९५ सेंटिमीटरच्या आसपास असते. या वयात समोर आडवी पट्टी किंवा कप्पा दिसला की पाय आपोआप त्यावर जातो. उंच आणि अरुंद बुडाची वस्तू मुलाने वरच्या बाजूला धरून ओढली, की तेवढे वजन तिला कलंडायला पुरते. अंगणवाडीत आणि बालवाडीत कपाट हेच पार्टिशन असते आणि ते खोलीच्या मधोमध, भिंतीपासून दूर उभे असते. वरच्या कप्प्यात जड खोकी, खालचे कप्पे रिकामे अशी मांडणी असेल तर धोका आणखी वाढतो. चाके असलेल्या पार्टिशनची चाके लॉक होत नसतील, तर ती गाडीच असते आणि मुले तिचा तसाच वापर करतात.

उंचीचा हिशेब थोडा फसवा आहे. मीटरभर उंचीच्या आडोशावरून उभ्या बाईंना पलीकडचे सगळे दिसते, म्हणून तीन-सव्वातीन फूट ही उंची पुरेशी मानली जाते. पण बालवाडीतल्या बाई उभ्या कुठे असतात? त्या सतरंजीवर मुलांबरोबर बसलेल्या असतात. बसल्यावर डोळे जमिनीपासून जेमतेम दोन-सव्वादोन फुटांवर येतात आणि तोच आडोसा भिंत होतो. त्यामुळे आडोशाचा खालचा भाग आरपार दिसणारा हवा. तिथे साधी काच नको, जाड पॉलिकार्बोनेट किंवा उभ्या पट्ट्या चालतील. पट्ट्या आडव्या नकोतच, ती शिडी होते. दोन उभ्या पट्ट्यांमधली फट ९ सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. त्याहून मोठ्या फटीतून मूल पाय आणि धड सरकवते आणि डोके मागे अडकते. घडीच्या पार्टिशनमध्ये बिजागरीच्या बाजूला बोट चिरडते. लहान मुलांच्या बोटांच्या टोकाच्या जखमा बहुधा दारातच होतात आणि घडीचे पार्टिशन म्हणजे चार दारांची साखळी.

दिसण्याला आणखी एक कारण आहे. बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ मधील घटनेनंतर शाळांत सीसीटीव्हीचा आग्रह वाढला, तो योग्यच. पण कॅमेऱ्याला पडद्याच्या अलीकडचेच दिसते. स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर उंच पार्टिशन घालून कोपरा तयार करायचा आणि मग त्या कोपऱ्यासाठी वेगळा कॅमेरा विकत घ्यायचा, हा उलटा व्यवहार आहे.

छतापर्यंत गेलेल्या पार्टिशनने खोलीचा एक भाग खिडकीपासून तुटतो. गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवराची मोठी साथ येऊन गेली. अशा आजारांना पार्टिशन अडवत नाही, उलट कोंडलेली हवा त्यांना मदत करते. कोविडच्या काळातले प्लास्टिकचे पडदे अजून कुठे लटकत असतील तर काढून टाकावेत.

आग हा विषय पालकांना नकोसा वाटतो. तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकघरातून सुरू झालेली आग गवती छताला लागली आणि ९४ मुले दगावली. आपल्याकडे गवताची जागा फ्लेक्स, फोम आणि थर्माकोलने घेतली आहे. फ्लेक्समध्ये पीव्हीसी असते. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही असते. ज्वाळा पोहोचण्याआधी मूल धुराने बेशुद्ध पडते. दाराकडची वाट कोणत्याही आडोशाने अरुंद होता कामा नये, आणि ती वाट मुलाच्या उंचीवरूनही दिसली पाहिजे. मोठ्यांनी एकदा गुडघ्यावर बसून पाहावे.

जुन्या बाजारातून आणलेले रंगीत दरवाजे स्वस्त पडतात. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, पण ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाचे पोपडे मुलाच्या तोंडात गेले तर शिसे मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. ते अनेक महिने लक्षातही येत नाही. नव्या पार्टिकल बोर्डमधून आणि एमडीएफमधून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते. डोळे चुरचुरतात, दमा असलेल्या मुलाला खोकला लागतो. म्हणून असे काम मे महिन्याच्या सुरुवातीला उरकावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रविवारी सुताराला बोलावू नये.

आडोसा खरोखर भक्कम हवा तो एकाच ठिकाणी. अनेक अंगणवाड्यांत एकाच खोलीत एका बाजूला मुले आणि दुसऱ्या बाजूला गॅसवर खिचडीचे पातेले असते. तिथे साडीचा पडदा उपयोगाचा नाही, तो स्वतःच पेट घेतो. जमिनीत घट्ट रोवलेले, बाहेरून कडी लागणारे, मुलाला चढता न येणारे कमरेइतके फाटक लागते. सेविका आणि मदतनीस दोघींनाही त्यावरून मुले दिसतात. ग्रामपंचायतीच्या निधीतून ते होऊ शकते. तोवर निदान मधले कपाट भिंतीला टेकवून बांधावे. त्याला दोन लोखंडी अँगल, चार स्क्रू आणि अर्धा तास लागतो.