संगणकाच्या दारातील खोळंबा

घरातील दस्तऐवजांच्या प्रती, बँकेचे तपशील, लग्नकार्यांची छायाचित्रे ही सारी आता कपाटाऐवजी संगणकात राहू लागली आहेत. त्यांच्या रक्षणासाठी सुट्टीत आलेला मुलगा किंवा भाचा संगणकावर व्हेराक्रिप्टसारखे कुलूप चढवून जातो. या कुलपामुळे डिस्कवरील सारा मजकूर सांकेतिक रूपात राहतो आणि पासवर्डावाचून कोणालाही वाचता येत नाही. पण पाहुणे परतल्यावर घरच्यांच्या ध्यानात येते की, पूर्वी चटकन सुरू होणारे यंत्र आता पासवर्ड दिल्यावरही बराच वेळ निश्चल बसून राहते. मग कोणी नवा संगणक घेण्याचा बेत करतो, तर कोणी कुलूपच काढावयास निघतो. वाचकहो, यांपैकी काहीही करण्यापूर्वी या खोळंब्याचे मूळ पाहणे हिताचे.

पासवर्ड ही प्रत्यक्ष किल्ली नव्हे. त्यावर एकच गणिती क्रिया पुनःपुन्हा करून किल्ली घडवली जाते. या पुनरावृत्तींना आपण आवर्तने म्हणू. हा खटाटोप मुद्दाम ठेवलेला आहे. घरधन्याला तो दिवसातून एकदा सोसावा लागतो, परंतु चोरलेल्या संगणकावर तर्क लढवणाऱ्याला प्रत्येक तर्कागणिक सोसावा लागतो. व्हेराक्रिप्टची पूर्वज असलेली ट्रूक्रिप्ट ही प्रणाली मे २०१४ मध्ये तिच्या कर्त्यांनी बंद केली. संपूर्ण संगणकाला कुलूप घालताना तिच्यात ही आवर्तने अवघी १,००० होती. २०१३ मध्ये आलेल्या व्हेराक्रिप्टने ती कैक पटींनी वाढवली. एसएचए-२५६ ही पद्धत निवडली असता ती २,००,००० होतात. नव्या कुलपाला जुन्यापेक्षा वेळ अधिक का लागतो, हे यावरून उमजेल.

आता हाती घड्याळ घेऊन एक परीक्षा करावी. पासवर्ड देऊन एंटर दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत किती वेळ जातो आणि त्यानंतर काम करण्याजोगा पडदा येईपर्यंत किती, हे वेगवेगळे टिपावे. दुसराच काळ मोठा असेल, तर आवर्तनांना बोल लावू नये. ती दारातच संपलेली असतात. अशा वेळी आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम आणि डिस्कची प्रकृती पाहावी. एईएस, टूफिश व सर्पेंट अशा तीन पद्धती एकावर एक चढवल्या असल्या, तर प्रत्येक वाचनास तिप्पट कष्ट पडतात. बहुतेक आधुनिक प्रोसेसरांत एकट्या एईएससाठी खास सोय असल्याने घरगुती कामास ती एक पद्धत पुरेशी आहे. मात्र पद्धत बदलावयाची तर संपूर्ण डिस्क उलगडून पुन्हा सांकेतिक करावी लागते, आणि त्यास कित्येक तास लागू शकतात.

पहिला काळ मोठा असेल, तर पिम नावाचा आकडा तपासावा. एसएचए-२५६ने संपूर्ण संगणकास कुलूप घातले असता या आकड्याला २,०४८ने गुणून आवर्तनांची संख्या ठरते. जागा रिकामी ठेवल्यास नेहमीची २,००,००० धरली जातात, म्हणजे पिम सुमारे ९८. इतर प्रकारच्या कुलपांसाठी नेहमीचा आकडा ४८५ असतो. तोच कोणी येथे भरला, तर आवर्तने ९,९३,२८० होतात आणि प्रतीक्षा जवळजवळ पाचपट होते. अशा वेळी ९८वर येताच काम भागते.

त्याहूनही वेग हवा असेल, तर पासवर्ड किमान २० अक्षरांचा असावा लागतो. त्याखेरीज ९८हून लहान पिम स्वीकारलाच जात नाही. या नियमामागील हिशेब सोपा आहे. पिम १० केल्यास आवर्तने २०,४८० उरतात. प्रतीक्षा सुमारे एक-दशांश होते, पण चोराचे कामही दहापट सोपे होते. उलट पासवर्डात सहजगत्या निवडलेले एकच इंग्रजी अक्षर वाढवले, तर तेच काम २६ पट कठीण होते. म्हणून वेळ वाचवावयाचा तो पासवर्ड लांबवूनच. परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन लिपीत लिहावे. सर्वांना मुखोद्गत असलेले स्तोत्र किंवा अभंगाचा चरण घेऊ नये. जे आपल्या ओठांवर आहे, ते दुसऱ्याच्याही ओठांवर असते.

हा बदल व्हेराक्रिप्टच्या सिस्टिम या यादीतील पासवर्ड बदलण्याच्या खिडकीत करता येतो. त्यासाठी सारी डिस्क पुन्हा सांकेतिक करावी लागत नाही, त्यामुळे काम थोडक्यात आटोपते. तथापि, आधी महत्त्वाच्या सर्व गोष्टींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. बदलानंतर संकटकाळासाठीची रेस्क्यू डिस्क नव्याने करावी आणि जुनी नष्ट करावी, कारण जुन्या डिस्कच्या साहाय्याने जुना पासवर्ड पुन्हा चालू करता येतो.

शेवटची गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. बदललेला पिम पासवर्डाइतकाच आवश्यक असतो. दोहोंपैकी एक जरी विसरले, तरी ते कुलूप उघडून देणारा कोणी कारागीर मिळणार नाही. कर्त्या माणसाच्या पश्चात पत्नीला विम्याचा कागदही पाहता येऊ नये, असे रक्षण काय कामाचे? पासवर्ड आणि पिम कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून, पाकीट बंद करून, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवावे आणि ते कोठे आहे हे घरातील एका विश्वासू माणसाला आजच सांगावे.